सीझरला दगा देणारा ब्रूटस वेगळाच होता



परवा बॅच संपली, सगळे चहाला गेले, एक जण मात्र खुर्चीवरून उठेना. पॅकेजिंगचं छोटं युनिट आहे त्याचं. सहा वर्षं हाताखाली काम केलेला मुलगा, ज्याला त्याने मशीनला तेल घालण्यापासून पार्टीशी भाव ठरवण्यापर्यंत सगळं शिकवलं, तो दोन मोठ्या पार्ट्या घेऊन बाहेर पडला आणि त्याच एमआयडीसीत दोन गल्ल्या सोडून त्याने स्वतःचं शटर उघडलं. "सर, त्याच्या बहिणीच्या लग्नाला मी पैसे दिले होते हो. परत मागितले पण नाहीत." हे वाक्य त्याने मला अर्ध्या तासात चार वेळा ऐकवलं.

मी विचारलं, ज्युलियस सीझरची गोष्ट माहीत आहे का? तो म्हणाला, "ते ब्रूटसवालं ना? मित्रानेच सुरा मारला ते?"

हो, तेच. पण आपण ज्या ब्रूटसला ओळखतो तो सीझरचा तितका जवळचा नव्हताच. जवळचा होता तो दुसरा ब्रूटस. त्याची गोष्ट कळली की त्या लग्नाच्या पैशांचं काय झालं तेही थोडं उलगडतं. व्हिडिओच्या बारा मिनिटांत हे सगळं मावलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

दोन ब्रूटस

इ.स.पू. ४४, १५ मार्च. रोममध्ये पाँपेच्या नाट्यगृहाला लागून असलेल्या सभागृहात सिनेटची बैठक होती. सीझर तेव्हा ५५ वर्षांचा. तीन दिवसांनी तो पार्थियाच्या मोहिमेवर निघणार होता. कटात साठाहून जास्त माणसं. अंगावर २३ वार झाले आणि नंतर प्रेत तपासणाऱ्या वैद्याच्या मते त्यातला एकच जीवघेणा होता. (साठ जणांची टीम आणि काम करणारा एक, हे तेव्हाही होतंच म्हणायचं.)

शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर'मुळे या सगळ्यातला एकच चेहरा आपल्या लक्षात राहिला, मार्कस ब्रूटस. १५९९ मध्ये लंडनच्या ग्लोब थिएटरात हे नाटक झालं आणि तेव्हापासून जगात कुठेही मित्राने दगा दिला की त्याचं नाव निघतं. मरताना सीझरने त्याला उद्देशून काढलेले जे तीन शब्द सगळ्यांना पाठ आहेत, ते शेक्सपिअरच्या नाटकातले आहेत. रोमन चरित्रकार सुएटोनियसने लिहिलंय की सीझर पहिल्या वाराला नुसता कण्हला, बोलला काहीच नाही. ब्रूटसला बघून तो ग्रीकमध्ये काही बोलला असं काही जण सांगतात, एवढंच तो पुढे नोंदवतो.

आता हा मार्कस ब्रूटस बघा. चारच वर्षांपूर्वी, इ.स.पू. ४८ मध्ये, फार्सालसच्या लढाईत तो सीझरच्या विरुद्ध बाजूला, पाँपेच्या सैन्यात होता. हरल्यावर सीझरने त्याला माफ केलं, प्रांताचा कारभार दिला, मग रोममधलं न्यायाधिकाऱ्याचं मोठं पद दिलं. त्याच्या आईचे आणि सीझरचे जुने संबंध होते, त्यामुळे जिव्हाळा होता हे खरं. पण हा मूळचा प्रतिस्पर्धी कंपनीतला माणूस. उद्या त्याने पाठ फिरवली तर दुःख होईल, धक्का बसायचं कारण नाही.

नाटकात तो अगदी निष्कलंक वाटतो. त्याच्या सावकारीचा किस्सा मात्र नाटकात नाही. सायप्रसमधल्या सालामिस शहराला त्याने दलालांमार्फत कर्ज दिलं होतं, वर्षाला ४८ टक्के दराने. म्हणजे आपल्याकडच्या भाषेत शेकडा चार, महिन्याला! त्याच्या माणसाने वसुलीसाठी घोडेस्वार नेऊन तिथल्या नगरसभेच्या सदस्यांना सभागृहातच कोंडलं आणि त्यात पाच जण उपाशी मेले. सिसेरो त्या भागाचा गव्हर्नर म्हणून गेला तेव्हा हे उघड झालं. सिसेरोने स्वतः व्याजाची मर्यादा १२ टक्के ठरवली होती. कर्ज ब्रूटसचंच आहे हे कळल्यावर त्याला घाम फुटला असणार. तत्त्वाच्या गोष्टी करणाऱ्याचं खातेवही बघून मग मत बनवा, एवढंच म्हणतो.

दुसरा ब्रूटस म्हणजे डेसिमस. त्याचं नावसुद्धा शेक्सपिअरच्या नाटकात चुकलंय, तिथे तो 'डेशियस' झालाय. हा मात्र खरोखर सीझरच्या हाताखाली वाढलेला माणूस. इ.स.पू. ५६ मध्ये गॉलच्या किनाऱ्यावर व्हेनेटी नावाच्या दर्यावर्दी लोकांशी लढायचं होतं, तेव्हा सीझरने आपलं आरमार या पोराच्या हातात दिलं. त्याने ती लढाई जिंकून दाखवली. पुढे मसिलियाच्या, म्हणजे आजच्या मार्सेच्या वेढ्यातही समुद्राची बाजू त्याच्याकडे होती आणि तिथेही तो जिंकला. इ.स.पू. ४५ मध्ये सीझर स्पेनहून परत आला तेव्हा त्याच्या मागच्या गाडीत दोघे बसले होते. एक हा डेसिमस आणि दुसरा सीझरच्या भाचीचा मुलगा ऑक्टेव्हियन. पुढच्या प्रांताचं गव्हर्नरपद ठरलेलं, इ.स.पू. ४२ चं कॉन्सलपदही ठरलेलं. इतकंच काय, सीझरच्या मृत्युपत्रात दुसऱ्या फळीतल्या वारसांमध्ये त्याचं नाव होतं.

खुनाच्या आदल्या रात्री सीझर जेवायला लेपिडसकडे गेला तेव्हा बरोबर डेसिमसच होता. सकाळी बायकोला वाईट स्वप्न पडलं, शकुन वाईट निघाले, सीझर म्हणाला आज जात नाही. तेव्हा घरी जाऊन त्याला समजावून, हाताला धरून बाहेर काढलं तेही डेसिमसनेच. सभागृहाजवळ ग्लॅडिएटर तयार ठेवलेले, तेही त्याचेच. केसाने गळा कापणं म्हणतात ते हे.

"तू घरचाच आहेस"

मग प्रश्न येतो, याला कमी काय पडलं होतं?

पैसा नाही, पद नाही असं काहीच नव्हतं. आणि तरीही इथेच मला धंद्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दिसते. त्याच्याकडे जे होतं ते सगळं एका माणसाच्या मर्जीने आलेलं होतं.

जुन्या रोममध्ये पदासाठी निवडणुकीला उभं राहावं लागे. भांडणं व्हायची, पैसे वाटले जायचे, सगळा गोंधळ होता. पण निवडून आलेला माणूस म्हणू शकायचा, हे मी कमावलं. सीझरने पुढच्या काही वर्षांच्या नेमणुका आधीच ठरवून टाकल्या आणि इ.स.पू. ४४ च्या सुरुवातीला तो तहहयात हुकूमशहा झाला. आता कॉन्सल व्हायचं तर सीझरने हो म्हणायला हवं. आणि त्या पदाची किंमत तरी काय राहिली? इ.स.पू. ४५ च्या ३१ डिसेंबरला एक कॉन्सल वारला. वर्ष संपायला काही तास उरले होते. सीझरने तेवढ्यासाठी रेबिलस नावाच्या माणसाला कॉन्सल करून टाकलं! सिसेरोने पत्रात थट्टा केली की या कॉन्सलच्या कारकिर्दीत कोणाचा नाश्तासुद्धा झाला नाही. वरून हसू येतं, पण ज्याने त्या पदासाठी आयुष्य घालवलं त्याला काय वाटलं असेल ते बघा. तुमच्याकडे दहा वर्षं राबलेल्या माणसाला 'मॅनेजर' केलं आणि पुढच्या आठवड्यात नातेवाईकाच्या मुलालाही उगाच 'मॅनेजर' केलं, की हेच होतं.

कटातल्या माणसांची यादी बघितली की गाऱ्हाणी दिसायला लागतात. कॅशियसला ब्रूटसचं पद हवं होतं. सीझर म्हणे जवळच्यांना म्हणाला की कॅशियसची बाजू जास्त न्याय्य आहे, पण पद ब्रूटसला द्यायचं. हे वाक्य कॅशियसपर्यंत पोचलं असेल तर विचार करा! गाल्बा सीझरच्या हाताखाली गॉलमध्ये लढलेला, कॉन्सलपदासाठी उभा राहिला तो हरला. बॅसिलसला प्रांताचा कारभार हवा होता, सीझरने त्याऐवजी रोख रक्कम दिली. ती रक्कम मोठी होती. पण त्याला रक्कम नको होती.

आणि डेसिमस? खुनानंतर काही महिन्यांनी त्याने सिसेरोला लिहिलेलं पत्र आजही उपलब्ध आहे. आल्प्समधल्या टोळ्यांवर त्याने मोहीम काढली होती आणि सिनेटने त्याबद्दल आपला सन्मान करावा, त्यासाठी तुम्ही शब्द टाका, अशी विनंती त्यात आहे. मला ते पत्र फार बोलकं वाटतं. सगळं मिळालेल्या माणसाला आपल्या नावावर, आपल्या कर्तृत्वावर मिळालेलं काहीतरी हवं होतं.

सीझर दयाळू नव्हता का? शत्रूला माफ करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण माफी देणारा वर असतो आणि घेणारा खाली. रोज सकाळी ती पायरी दिसते. उपकार करणाऱ्याला वाटतं समोरचा मिठाला जागेल. समोरचा मात्र त्या मिठाचं ओझं मोजत असतो.

मी त्या पॅकेजिंगवाल्याला विचारलं, त्या मुलाने कधी काही मागितलं होतं का? थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दोनदा म्हणाला होता, नवीन पार्टी आणली तर त्यावर टक्केवारी लिहून द्या. मी म्हटलं, लिहायचं काय त्यात, तू घरचाच आहेस."

आता दुसऱ्या बाजूने

खरं सांगू? हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी सीझर थोडेच आहेत. बरेच जण आज कोणाकडे तरी नोकरीला आहात, काम शिकताय, वर्षा-दोन वर्षांत बाहेर पडणार आहात. म्हणजे तुम्ही डेसिमसच्या जागी आहात. म्हणून त्याच्या बाजूचं पुढचंही ऐका.

कट करणाऱ्यांनी खुनाची तयारी बारकाईने केली होती. अँटनी दांडगा गडी, तो आत नको, म्हणून ट्रेबोनियसने त्याला दाराबाहेरच बोलण्यात गुंतवून ठेवलं. हा ट्रेबोनियसही सीझरचाच सेनापती बरं का. पण दुपारनंतर काय करायचं, याचा कागदच कोरा! सैन्य कोणाकडे, तिजोरी कोणाकडे, लोकांना काय सांगायचं, काही ठरलेलं नाही. ब्रूटसच्या आग्रहाखातर अँटनीला जिवंत ठेवलं. दोन दिवसांनी सिनेटने तडजोड केली आणि मग मृत्युपत्र उघडलं. रोमच्या प्रत्येक नागरिकाला ३०० सेस्टर्स आणि टायबर नदीपलीकडची बाग लोकांना खुली. वारसांच्या यादीत खुन्याचं, डेसिमसचं, नाव वाचलं गेलं तेव्हा लोक आणखी भडकले. सिसेरो कट करणाऱ्यांच्या बाजूचा होता, पण त्यानेही नंतर लिहिलं की हिंमत मोठ्या माणसांची होती आणि नियोजन पोरांचं.

ट्रेबोनियस दहा महिन्यांत मारला गेला. डेसिमसला अँटनीने मुटिना इथे वेढलं. तो त्यातून सुटला, पण नंतर त्याचं सैन्य त्याला सोडून गेलं. पळत असताना गॉलमधल्या एका टोळीप्रमुखाच्या हाती सापडला आणि इ.स.पू. ४३ मध्ये त्याचाही शेवट झाला. ज्याने एकाला सोडलं त्याच्याबरोबर राहायला सैनिक तयार होईनात, असा मी तरी याचा अर्थ लावतो. दोन पार्ट्या फोडून बाहेर पडणाऱ्याकडे पहिला कामगार येतो तो हेच बघून आलेला असतो, आणि पार्ट्यांनाही कळलेलं असतं की हा फोडणारा आहे.

बाहेर पडायला माझा विरोध नाही. मीही नोकरी सोडूनच इथे आलो. प्रश्न जाताना काय घेऊन जाता आणि काय ठेवून जाता याचा आहे.

सामान मागून पाठवलं

सीझरला पाच वर्षं आधीही एक जण सोडून गेला होता, आणि तो डेसिमसपेक्षा मोठा होता. टायटस लाबिएनस. गॉलच्या मोहिमेत सीझर नसेल तेव्हा सगळं सांभाळणारा, आपल्या भाषेत 'उजवा हात'. नाव झालं, पैसा आला, तसा तो स्वतःला सीझरच्या बरोबरीचा समजू लागला आणि सीझरला ते रुचलं नाही, असं डिओ हा इतिहासकार सांगतो. इ.स.पू. ४९ मध्ये सीझर आणि पाँपेची फाटाफूट झाली, तसा लाबिएनस उघडपणे पाँपेकडे निघून गेला. सीझरने काय करावं? त्याचे पैसे आणि सामान त्याच्यामागे पाठवून दिलं.

लाबिएनस विरघळला का? अजिबात नाही. तो सीझरचा कट्टर शत्रू झाला आणि चार वर्षं लढत राहिला, इ.स.पू. ४५ मध्ये मुंडाच्या लढाईत मरेपर्यंत. पण एक लक्षात घ्या, तो समोरून गेला आणि समोरून लढला. त्याच्यामुळे सीझरला त्रास झाला, जीव गेला नाही.

हीच गोष्ट पुढच्या पिढीत पुन्हा घडली. इ.स.पू. ३१, ॲक्टियमच्या लढाईच्या तोंडावर अँटनीचा एक जुना साथीदार, डोमिशियस, होडीत बसून ऑक्टेव्हियनकडे पळाला. तो आजारी होता. अँटनीने त्याचं सामान आणि नोकर त्याच्यामागे पाठवले. काही दिवसांत डोमिशियस वारला. शेक्सपिअरने 'अँटनी अँड क्लिओपात्रा'मध्ये याचाच इनोबार्बस केला. नाटकात धन्याने पाठवलेला खजिना बघून त्या माणसाचं काळीज फाटतं आणि शरमेनेच तो प्राण सोडतो. माझ्या मते त्या नाटकातली ही सगळ्यात चांगली जागा आहे, राजा-राणीच्या सगळ्या भाषणांपेक्षा.

एकाच्या मागे सामान पाठवलं तर तो वैरी झाला, दुसऱ्याच्या मागे पाठवलं तर तो खचला. म्हणजे सामान पाठवलं की माणूस परत येतो असा काही फॉर्म्युला नाही. पण मागे राहिलेले बाकीचे सैनिक ते गाडे जाताना बघत असतात, हे दोन्ही वेळा खरं होतं.

ॲग्रिपा

सगळा दगाफटकाच सांगितला तर तुम्ही पार्टनर घ्यायलाच घाबराल. म्हणून हा एक माणूस.

सीझरच्या खुनाची बातमी आली तेव्हा १८ वर्षांचा ऑक्टेव्हियन अपोलोनियाला होता. सोबत त्याच्याच वयाचा, साध्या घरातला मित्र, मार्कस ॲग्रिपा. ऑक्टेव्हियनला लढाई फारशी जमायची नाही आणि ते त्याला माहीत होतं, हा त्याचा मोठा गुण. इ.स.पू. ३८ मध्ये सेक्स्टस पाँपेने समुद्रात त्याची धूळधाण केली. त्याने ॲग्रिपाला बोलावलं, कॉन्सल केलं आणि सांगितलं, आरमार तू उभं कर. ॲग्रिपाने नेपल्सजवळची दोन तळी समुद्राला जोडून बंदर तयार केलं, २०,००० गुलामांना मुक्त करून वल्ही मारायला शिकवलं आणि इ.स.पू. ३६ मध्ये नौलोकसला जिंकून दाखवलं. ॲक्टियमची लढाईही खरी त्यानेच जिंकली.

ऑक्टेव्हियन, आता ऑगस्टस, इ.स.पू. २३ मध्ये मरणाच्या दारात पोचला तेव्हा आपली मुद्रा असलेली अंगठी त्याने ॲग्रिपाच्या हातात दिली. बरा झाल्यावर मुलगी दिली, पुढे स्वतःचे महत्त्वाचे अधिकारही कायदेशीर ठरावाने त्याच्यासोबत वाटून घेतले. कायदेशीर ठरावाने, हे शब्द दोनदा वाचा. ॲग्रिपानेही आपली बाजू सांभाळली. विजयाची मिरवणूक देऊ केली तरी त्याने ती एकापेक्षा जास्त वेळा नाकारली.

पण याच ऑक्टेव्हियनचा आणखी एक बालमित्र होता, साल्व्हिडिएनस. तोही अपोलोनियापासून सोबत. त्यालाही सैन्य दिलं, गॉल दिलं, कॉन्सलपद ठरवून दिलं. इ.स.पू. ४० मध्ये त्याने गुपचूप अँटनीला निरोप धाडला की मी तुमच्याकडे येतो. आणि अँटनीनेच ते ऑक्टेव्हियनला सांगून टाकलं! साल्व्हिडिएनस संपला. म्हणजे सगळं लिहून दिलं, वाटा दिला, तरीही एखादा जातोच. तो धोका शून्य होत नाही. ज्याला शून्य हवा असेल त्याने धंद्याऐवजी एफडी करावी.

आपल्याकडचं एक कलम सांगून थांबतो, कारण पार्टनरशिप करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते माहीत असतं. भारतीय भागीदारी कायदा, १९३२, कलम ३७. एखादा भागीदार बाहेर पडला आणि तुम्ही त्याचा अंतिम हिशोब न करता त्याचं भांडवल वापरत धंदा चालू ठेवला, तर करारात वेगळं काही ठरलं नसल्यास तो त्याच्या वाट्यामुळे झालेला नफा मागू शकतो किंवा त्या रकमेवर वर्षाला ६ टक्के व्याज, जे त्याला परवडेल ते. म्हणजे राग म्हणून सामान अडवून ठेवलं तर त्याचं बिल तुमच्याच नावावर फाटतं. बाहेर पडण्याचा मुद्दा डीडमध्ये कसा लिहायचा, तो पुढच्या व्हिडिओत.

त्या पॅकेजिंगवाल्याचा काल रात्री फोन आला. म्हणाला, "सर, त्याचा शेवटच्या महिन्याचा पगार आणि त्या दोन पार्ट्यांचं जुनं कमिशन माझ्याकडेच अडकवून ठेवलं होतं मी. आज ट्रान्सफर केलं."

मी विचारलं, काही बोलला का तो?

"'मिळाले' एवढाच मेसेज आलाय. पण मुकादमाने विचारलं मला, 'शेठ, त्याचा हिशोब झाला का?' मी हो म्हटलं."